ह्यूगेनॉट कुटुंबांच्या जुन्या द्राक्षमळ्यांचा वारसा नेमका कशात आहे?

दक्षिण आफ्रिकेतील फ्रान्सहुक आणि पार्ल परिसरातल्या ह्यूगेनॉट (म्हणजे फ्रान्समधून परागंदा झालेल्या प्रॉटेस्टंट) कुटुंबांच्या मळ्यांचा वारसा म्हणजे बाटलीवरचे फ्रेंच नाव आणि नक्षीदार दर्शनी भिंतीचे पांढरे घर एवढाच का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते त्याहून महत्त्वाचे प्रश्न दोन आहेत: जमीन एका घराण्यात टिकली कशी आणि ती कोणाच्या कष्टावर टिकली.

फ्रान्सच्या चौदाव्या लुईने 1685 मध्ये प्रॉटेस्टंटांचे धर्मस्वातंत्र्य काढून घेतल्यावर देश सोडलेल्यांपैकी सुमारे दोनशे जण 1688 पासून डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून केपला, म्हणजे आफ्रिकेच्या दक्षिण टोकावरील तिच्या वसाहतीत, पोहोचले. त्यातले सगळेच द्राक्षांचे जाणकार नव्हते. मात्र 1689 मध्ये आलेल्या पिअर, अब्राहम आणि जाक या डिव्हिलियर्स बंधूंजवळ त्यांना द्राक्षलागवड चांगली येते अशी कंपनीची शिफारस होती. (क्रिकेटमुळे आपल्या कानावर असलेली डिव्हिलियर्स आणि डू प्लेसिस ही आडनावे याच लोकांची.) कंपनीने या ह्यूगेनॉटांना मुद्दाम डच शेतकऱ्यांमध्ये विखरून वसवले आणि शाळांत डच भाषाच ठेवली, त्यामुळे दोन-तीन पिढ्यांत फ्रेंच बोलणे संपले आणि मळ्यांची नावे तेवढी उरली.

फ्रान्सहुकजवळचा बोशेनडाल हा मळा 1715 मध्ये अब्राहम यांनी घेतला आणि तो 1879 पर्यंत डिव्हिलियर्स घराण्यात राहिला. हे आपोआप घडलेले नाही. केपमधील रोमन-डच कायद्यानुसार साधारणपणे अर्धी मालमत्ता हयात जोडीदाराची असे आणि उरलेल्या अर्ध्यात मुलगे व मुली यांचा वाटा सारखा असे, म्हणजे थोरल्या मुलाला सगळा मळा मिळण्याची सोय नव्हती. एखादा वारस भावंडांचे हिस्से विकत घेई, प्रसंगी त्यासाठी कर्ज काढी. कुठे विधवा स्वतः कारभार पाही, तर कुठे नात्यातल्या नात्यात लग्ने होत. आपल्याकडे वाटणीत बागेचे तुकडे होताना ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या खटपटीची किंमत वेगळी सांगायला नको.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मृत्यूनंतर केलेल्या मालमत्तेच्या याद्यांत सापडते. केपच्या अनाथ मंडळासाठी (मृतांच्या मालमत्तेची आणि अज्ञान वारसांच्या हिश्श्याची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेसाठी) कारकून खोल्याखोल्यांतून फिरून खुर्च्या, भांडी, तळघरातली पिंपे आणि बैल यांची नोंद करीत, आणि त्याच यादीत गुलामांची नावेही उतरवीत. नावापुढे मूळ प्रदेश लिहिला जाई, आणि त्यात बंगाल, मलबार व कोरोमंडल किनारा हे उल्लेख वारंवार येतात. म्हणजे या मळ्यांच्या इतिहासात आपल्या देशातून बळजबरीने नेलेली माणसेही आहेत, आणि हे मला फार महत्त्वाचे वाटते. बोशेनडालचे आजचे देखणे घर 1812 चे, तर केपमधली गुलामी कायद्याने संपली 1834 मध्ये. त्यानंतरही चार वर्षे ‘उमेदवारी’च्या नावाखाली मुक्त झालेल्यांना जुन्या मालकांकडेच सक्तीने काम करावे लागे. पुढे मजुरीचा काही भाग वाइनच्या रूपात देण्याची ‘डॉप’ पद्धत कायद्याने बंदी आल्यावरही अनेक वर्षे चालली. दारूमुळे गर्भातच होणाऱ्या इजेचे प्रमाण या पश्चिम केप प्रांतात आजही जगातील सर्वाधिकांपैकी आहे.

फळबागांचे प्रकरण त्या मानाने अलीकडचे आहे. 1886 मध्ये केपमध्ये फिलॉक्सेरा हा द्राक्षाच्या मुळांतला रस शोषणारा कीटक आढळला आणि मळेच्या मळे वाळले. अमेरिकन खुंटावर कलम करणे हाच टिकाऊ उपाय ठरला. नाशिककडे डॉगरिज खुंट वापरतात तो मुख्यतः क्षार आणि पाण्याच्या ताणासाठी, पण तंत्र तेच. त्याच सुमारास शीतगृहाच्या जहाजांतून ताजी फळे लंडनला जाऊ लागली, म्हणून 1897 च्या सुमारास केप वसाहतीचे माजी पंतप्रधान सेसिल ऱ्होड्स यांनी फळबागतज्ज्ञ हॅरी पिकस्टोन यांच्या साहाय्याने बोशेनडालसह अनेक जुने मळे घेऊन तेथे पेअर, प्लम, पीच यांची लागवड करवली.

तिकडे गेलात तर फ्रान्सहुकच्या ह्यूगेनॉट संग्रहालयात घराण्यांच्या वंशावळी अवश्य पाहा, आणि त्यांच्या जोडीला केप टाउनच्या अभिलेखागारातील त्या मालमत्ता-याद्याही वाचा.