पोप फ्रान्सिस २०२१ मध्ये इराकला गेले, त्यातून तिथल्या ख्रिश्चनांना नक्की काय मिळालं?

लेखी करार काही झाला नाही, पण शिया जगतातले सर्वात वजनदार धर्मगुरू आयातुल्ला अली सिस्तानी यांचा जाहीर शब्द मिळाला, आणि इराकमध्ये तो फार मोलाचा आहे. ६ मार्च २०२१ रोजी नजफमध्ये इमाम अलींच्या दर्ग्याजवळच्या अरुंद गल्लीतून पोप चालत सिस्तानींच्या साध्या, भाड्याच्या घरी गेले आणि बूट काढून आत शिरले. पाहुणा आला तरी सहसा बसूनच राहणारे सिस्तानी स्वागताला उठून उभे राहिले. भेट पाऊण तासाच्या आसपास चालली. नंतर सिस्तानींच्या कार्यालयाने पत्रक काढलं: ख्रिश्चन नागरिकांना इतर इराक्यांप्रमाणेच शांततेत, सुरक्षित आणि सर्व घटनात्मक हक्कांसह जगता आलं पाहिजे. २०१४ मध्ये याच सिस्तानींच्या फतव्यावरून हजारो तरुण आयसिस या दहशतवादी संघटनेविरुद्ध लढायला उतरले होते, म्हणून या ओळीला मी राजनैतिक निवेदनापेक्षा जास्त किंमत देतो. शिवाय सरकारने ६ मार्च हा सहिष्णुता आणि सहजीवनाचा राष्ट्रीय दिवस जाहीर केला. मात्र सिस्तानी सरकारात नाहीत. त्यांच्या शब्दाला कायद्याचं बळ नाही, आणि २००३ च्या अमेरिकी आक्रमणानंतर देश सोडून गेलेली लाखो ख्रिश्चन माणसं त्यामुळे परतली असं झालेलं नाही.