घर पाहावे बांधून : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : काही वर्षांपूर्वी एक जुना कृष्णधवल अमेरिकन चित्रपट अर्धामुर्धा पाहण्यात आला होता. त्यात एक गृहिणी रंगाऱ्याला प्रत्येक खोलीचा रंग अतिशय बारकाईने समजावून सांगते, एवढेच आठवते. हा चित्रपट कोणता, आणि तो पूर्ण पाहण्याजोगा आहे का?

उत्तर : आपण पाहिलेला चित्रपट म्हणजे १९४८ सालचा ‘मिस्टर ब्लँडिंग्ज बिल्ड्स हिज ड्रीम हाउस’. दिग्दर्शन एच. सी. पॉटर यांचे आहे आणि प्रमुख भूमिका कॅरी ग्रँट, मर्ना लॉय व मेल्विन डग्लस यांच्या आहेत. न्यूयॉर्कच्या एका दाटीवाटीच्या फ्लॅटमध्ये पत्नी आणि दोन मुलींसह राहणारा जाहिरातक्षेत्रातला जिम ब्लँडिंग्ज कनेक्टिकटमधले एक जुनाट घर जमिनीसह विकत घेतो. डागडुजीसाठी बोलावलेले जाणकार एकामागून एक येऊन ‘पाडून टाका’ एवढाच सल्ला देतात, आणि मग नवे घर पायापासून बांधण्याचा खटाटोप सुरू होतो.

आपल्या लक्षात राहिलेला प्रसंग या चित्रपटाचा कळस आहे, असे मला वाटते. मर्ना लॉयची म्युरिएल दिवाणखान्यासाठी हिरवा रंग मागते, पण तो निळ्याकडे झुकलेला नको आणि पिवळ्याकडेही नको. जेवणघराच्या पिवळ्यासाठी माणूस धाडून उत्तम लोणी आणवावे आणि रंग त्याच्याशी जुळवावा, असे ती सुचवते. छताच्या रंगासाठी ती फुलाफुलांच्या वॉलपेपरवरचा एक ठिपका दाखवते. पानाजवळचा हिरवट ठिपका नव्हे, तर कळी आणि फूल यांच्या मधला निळसर. रंगारी सारे अदबीने ऐकून घेतो आणि ती गेल्यावर आपल्या जोडीदाराला विचारतो, लक्षात आले ना? जोडीदार सांगतो : लाल, हिरवा, निळा, पिवळा, पांढरा.

या ठिकाणी अनेक प्रेक्षक म्युरिएलला हसतात, पण मर्ना लॉय यांनी तो प्रसंग इतक्या मनापासून केला आहे की त्या छटा तिला खरोखरच दिसत आहेत, ती मनाने त्या घरात केव्हाच राहायला गेली आहे, याची खात्री पटते. रंगारीही उद्धट नाही. त्याच्याकडे डबे आहेत आणि तिच्याकडे घर आहे, इतकाच दोघांतला फरक.

चित्रपट अवश्य पूर्ण पाहावा. पती-पत्नींचा मित्र असलेल्या वकील बिल कोलवरून जिमच्या मनात येणारा संशय मात्र कथेला चिकटवल्यासारखा वाटतो. त्याहून मला खटकते ती शेवटाकडची एक गोष्ट : जिमला महिनोन्‌महिने न सुचलेली जाहिरातीची ओळ घरकाम करणारी गसी सहज बोलून जाते, त्याची नोकरी वाचते, आणि तिच्या वाट्याला येते ती केवळ १० डॉलरची पगारवाढ. लुइस बीव्हर्स यांच्यासारख्या समर्थ अभिनेत्रीला आणि त्या पात्रालाही याहून अधिक मिळायला हवे होते.

प्रश्न : ही कथा खरी घडलेली आहे काय?

उत्तर : बऱ्याच अंशी होय. एरिक हॉजिन्स यांनी १९४६ साली प्रसिद्ध केलेल्या कादंबरीवर हा चित्रपट आधारलेला आहे आणि ती त्यांनी कनेक्टिकटमध्ये स्वतः घर बांधताना आलेल्या अनुभवांवरून लिहिली होती. युद्धानंतर अमेरिकेत घरांची तीव्र टंचाई असल्याने हा विषय त्या काळी घरोघरी जिव्हाळ्याचा होता. त्याचाच उपयोग करून प्रसिद्धीसाठी देशभरात ‘स्वप्नातली घरे’ प्रत्यक्ष बांधण्यात आली. त्यांची संख्या ७३ सांगितली जाते.

प्रश्न : आम्ही सध्या घर बांधत आहोत. चित्रपट पाहून पत्नी म्हणाली की त्या बिचाऱ्याला सगळ्यांनी लुबाडले. माझे मत तसे नाही. आपणांस काय वाटते?

उत्तर : आपल्या पत्नीचे म्हणणे जमिनीच्या व्यवहारापुरते बरोबर आहे, कारण तेथे जिमला खरोखरच चढा भाव लावला जातो. बांधकाम सुरू झाल्यानंतर मात्र मला त्या कथेत लबाड माणूस सापडत नाही, आणि हेच तिचे मोठे वैशिष्ट्य आहे. खर्च वाढतो तो न समजलेल्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांमुळे. वरच्या मजल्यावरचा सुतार जिमला विचारतो, लिंटेलना, म्हणजे दारे-खिडक्यांवरच्या आडव्या तुळयांना, खाच पाडायची की नाही? लिंटेलची खाच म्हणजे काय, हे जिमला ठाऊक नसते. पण मालकाने तसे कबूल कसे करायचे, म्हणून तो अंदाजाने ‘नको’ म्हणतो. लगेच ‘काढा रे सगळी’ असा हुकूम सुटतो आणि बसवलेली लाकडे धडाधड खाली येऊ लागतात. ग्रँट यांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे उमटते, ते पुन्हा एकदा निवांत पाहावे.

म्युरिएलचेही तसेच होते. ओसरीच्या कामातून उरलेले चार दगड वाया जाऊ नयेत, म्हणून ती ते फुले सजवण्यासाठीच्या छोट्या खोलीत जमिनीवर बसवायला सांगते. कोणी तिला अडवत नाही, आणि कोणी तिला समजावूनही सांगत नाही की दगडाच्या वजनासाठी खालची लाकडी जमीन उखडावी लागेल, काँक्रीट घालावे लागेल आणि त्यापायी नळाची जोडणीही बदलावी लागेल. खर्चाचे बिल हाती पडते तेव्हाच तिला हे कळते. तिने काटकसरच केली होती, हे तिचे म्हणणे अगदी खरे आहे.

लुबाडणुकीच्या आक्षेपाला चित्रपटानेच एक उत्तर दिले आहे, ते पत्नीला अवश्य दाखवावे. जिमला आता घराचा उबग आला आहे, आणि आरंभापासून विरोध करणारा बिल कोल तेथेच आहे. अशा वेळी विहीर खणणारा टेसँडर दारात येतो आणि प्रेक्षकांनाही आणखी एका बिलाची धास्ती वाटते. परंतु हिशेबात आपल्याकडे चुकून जास्त आलेले १२ डॉलर ३६ सेंट परत करण्यासाठी तो मुद्दाम आलेला असतो.