पेटी जवळच असताना परभणी कशाला?

प्रश्न : माझी मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, जिंतूर तालुक्यातील आमच्या गावी आली आहे. बत्तिसावा आठवडा चालू असून तिचा रक्तदाब वाढला आहे. बाळंतपण लवकर करावे लागेल, तेव्हा आताच परभणीला जा, असे डॉक्टर सांगतात. बाळाला ठेवायची पेटी जवळच्या रुग्णालयातही आहे, मग ही दगदग कशासाठी, असे घरच्यांचे म्हणणे आहे. काय करावे?
— एक वाचक, जि. परभणी

उत्तर : डॉक्टरांचे ऐकावे, आणि कळा सुरू होण्याआधीच निघावे. डोके फार दुखू लागले किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर त्याच क्षणी.

आपण जिला पेटी म्हणता, ती बाळाला ऊब देते. पण बत्तीस आठवड्यांच्या बाळाचे केवळ उबेवर भागत नाही. फुप्फुसे कच्ची असल्यामुळे ते कण्हते, श्वास घेताना त्याची छाती आत ओढली जाते, आणि मग नाकातून दाबाने हवा देणारे सीपॅप यंत्र लागते. चोखणे व गिळणे यांचा मेळ साधारण चौतिसाव्या आठवड्यापर्यंत बसत नसल्याने आईचेच दूध नळीने पोटात सोडावे लागते. रक्तातील साखर पाहणारी, श्वास अडखळताच धावणारी प्रशिक्षित परिचारिका रात्रीही हवी, आणि माझ्या मते यंत्रांपेक्षा तिचीच उणीव अधिक भासते. म्हणूनच चौतीस आठवड्यांआधीची किंवा १८०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाची बाळे जिल्हा पातळीवरील विशेष नवजात काळजी कक्षात, म्हणजे एसएनसीयूत, ठेवतात. कृत्रिम श्वासाचे यंत्र मात्र तेथेही असेलच असे नाही. त्याची चौकशी आधीच करावी, म्हणजे गरज पडल्यास नांदेडच्या किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची वाट धरता येईल.

जन्मलेले नाजूक बाळ थंडीवाऱ्यात, खड्ड्यांच्या रस्त्याने नेण्यापेक्षा ते आईच्या पोटातच नेणे कितीतरी सुरक्षित असते. शिवाय बाळाची फुप्फुसे तयार होण्यासाठी आईला डेक्सामेथासोनची चार इंजेक्शने बारा-बारा तासांनी देतात. पहिले येथेच देऊन पाठवता येईल का, हे डॉक्टरांना विचारा.

खर्चाचे म्हणाल, तर २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातील बाळंतपण व आजारी नवजाताचे उपचार मोफत आहेत, आणि नेण्या-आणण्यासाठी १०२ क्रमांकाची गाडी मिळते. सोबत एखादी मावशी किंवा आत्या अवश्य न्या, कारण बाळ स्थिर झाल्यावर त्याला छातीशी त्वचेला त्वचा लावून तासन्तास धरावे लागते आणि आई थकलेली असताना ते काम घरातील दुसऱ्या कुणालाही करता येते. माता-बाल संरक्षण कार्ड आणि सोनोग्राफीचे कागद आजच एका पिशवीत काढून ठेवा.