रोज गोळी घेते, तरी टीएसएच कमी का होत नाही?

नागपुरात धंतोलीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत येणाऱ्या बायकांपैकी निम्म्या जणींच्या हातात रिपोर्टांची फाइल असते, आणि वाक्य ठरलेलं: ‘मॅडम, मी टेन्शन घेते म्हणूनच थायरॉइड वाढून राहिला न? म्हणूनच दिवस राहत नाहीत.’ पुढे सासूबाई, जाऊबाई, शेजारच्या काकू, सगळ्यांनी दिलेला एकच सल्ला: विचार करू नको, आपोआप राहील.

आधी सरळ उत्तर देते. विचार करून थायरॉइड बंद पडत नाही. आयोडीनयुक्त मीठ खाणाऱ्या आपल्या घरांत त्याचं मोठं कारण म्हणजे शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच ग्रंथीवर उलटते. त्यात त्या बाईचा काही गुन्हा नाही. थायरॉइडचं हॉर्मोन कमी पडलं की पाळी बिघडते, बीज वेळेवर फुटत नाही, कधी प्रोलॅक्टिन हे दूध आणणारं हॉर्मोनही वाढतं. टीएसएच म्हणजे थायरॉइडला ‘काम कर’ म्हणणारं हॉर्मोन. थायरॉइडचं कमी पडलं की ते वाढतं, आणि लोक ‘थायरॉइड वाढला’ म्हणतात तो हाच आकडा. पण थायरॉइड हॉर्मोनच्या रोजच्या गोळीनं हे बहुधा आटोक्यात येतं. मग इतक्या जणींचं टीएसएच का हलत नाही?

तिला वृषाली म्हणू. मानेवाड्याला सासर, खाजगी बँकेत नोकरी, वय बत्तीस. दोनदा डोस वाढवूनही टीएसएच आठच्या वर. दिवस राहण्यासाठी डॉक्टरांना ते साधारण अडीचच्या खाली हवं असतं. रिपोर्ट म्हणजे तिच्या लेखी गुणपत्रिका. ‘पुन्हा नापास,’ म्हणत तिनं तो माझ्यासमोर ठेवला. ‘यंदाच्या महालक्ष्म्यांपर्यंत काही झालंच पाहिजे, नाहीतर त्या घरात मी कोण?’

मूल हवंसं वाटणं आणि मूल झालं नाही तर मी शून्य असं मानणं, यांतलं अंतर दाखवणं हेच माझं काम, असं मी मानते. सुरुवातीच्या भेटी त्यातच गेल्या. ती मान हलवायची, पटलं म्हणायची आणि पुढच्या वेळी तेच घेऊन यायची. मग एका मे महिन्याच्या दुपारी मी मनाचा विषय बाजूला ठेवून अगदी साधं विचारलं.

‘गोळी कधी घेतेस?’

‘सकाळीच. रिकाम्या पोटी.’

‘चहाच्या आधी?’

‘चहा तर सहालाच होते न, सगळ्यांसोबत. गोळी ऑफिसले निघताना. लोहाची पण तेव्हाच घेऊन टाकते.’

‘बाटली कुठे असते?’

ती ओशाळली. ‘गाडीच्या डिक्कीत.’

नागपूरचा मे. पारा पंचेचाळीसला टेकलेला, गाडी दिवसभर बँकेसमोर उन्हात, आणि आत शंभर गोळ्यांची ती बाटली, जिच्यावर थंड, कोरड्या जागी ठेवा असं छापलेलं असतं. त्यात पोटात चहा-पोहे, वर लोहाची गोळी. डॉक्टर डोस वाढवत होते, पण त्यातला अंगी लागत किती होता देव जाणे.

‘घरात का नाही ठेवत?’

‘लग्नाआधीच थायरॉइड निघाला होता. बाबा म्हणाले, सांगू नको, जमलेलं मोडेल. ह्यांना नंतर सांगितलं, तर तेही गप्पच. आता चार वर्षांनी आईंना कसं सांगू?’

‘सांगितलं तर काय होईल?’

‘फसवलं म्हणतील.’

‘मग?’

‘बोलणार नाहीत.’

‘मग?’

बराच वेळ ती पंख्याकडे पाहत बसली. मग एकदम हसली. ‘मग बोलतील न बाप्पा! काम तर पडतेच.’

त्या हसण्यात जे सुटलं, ते माझ्या आधीच्या सगळ्या समजावण्यात सुटलं नव्हतं. टेन्शननं थायरॉइड वाढतो, हे लोकांचं म्हणणं चुकीचंच. पण वृषालीची भीती तिच्या रिपोर्टपर्यंत पोचली होती खरी, डिक्कीतून. डॉक्टरांना आकडा दिसतो. बाटली कुठे ठेवली आहे हे विचारायला माझ्याकडे वेळ असतो, आणि ते विचारावंसं वाटतं याचं मला बरं वाटतं.

घरी नवऱ्यानंच सांगितलं. सासूबाई दोन दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत, ताट मात्र वाढत होत्या.

डॉक्टरांनी नवी बाटली दिली, आणि तिनं आधी कशी गोळी घेतली ते सगळं ऐकून डोसही नव्यानं ठरवला. हे महत्त्वाचं आहे. गोळी नीट लागू पडायला लागली की आधी वाढवलेला डोस जास्त होऊ शकतो, छाती धडधडते. म्हणून मनानं काही करायचं नाही, जे केलं ते डॉक्टरांना खरं सांगायचं. गोळी साध्या पाण्यासोबत, चहा-नाश्ता अर्धा ते एक तासानं, लोह आणि कॅल्शियम चार तासांच्या अंतरानं. सकाळ जमतच नसेल तर रात्रीच्या जेवणानंतर तीन तासांनी घेता येते का, ते डॉक्टरांना विचारा. डोस बदलल्यावर टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी तपासतात. दर पंधरवड्याला लॅबमध्ये धावून फक्त धास्ती वाढते.

आणि नवऱ्याची वीर्यतपासणी! सगळ्यात सोपी तपासणी, आणि सगळ्यात शेवटी होते. वृषालीची फाइल दोन बोटं जाड, नवऱ्याचा त्यात एक कागद नाही. पस्तिशीच्या आत वर्षभर आणि पस्तिशीनंतर सहा महिने प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत, तर दोघांनी मिळून तपासायचं असतं. पाळी अनियमित असेल तर तेवढंही थांबू नये.

पुढच्या रिपोर्टात टीएसएच तीनच्या खाली आलं होतं. दिवस राहिले नव्हते. नवऱ्यानं तपासणीची वेळ घेतली होती, हेही मी मिळवलंच म्हणते. उठता उठता तिनं विचारलं, ‘आई म्हणतात, राहिलं की गोळ्या बंद कर, बाळाला गरम पडतात.’

बंद नाही, मी म्हटलं. पहिले काही महिने बाळाला लागणारं हे हॉर्मोन आईकडूनच जातं, म्हणून बहुतेकींचा डोस उलट वाढवावा लागतो. चाचणी पॉझिटिव्ह आली की पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. तिनं मान डोलावली आणि म्हणाली, ‘हे तुम्ही आईंनाच सांगा न. पुढच्या वेळी घेऊन येते.’