कंत्राटी नोकरीत प्रसूती रजा मिळते का? एचआर राजीनामा मागत आहे, काय करू?

ताई, सगळ्यात आधी एकच सांगते: त्या राजीनाम्यावर सही करू नका. उद्या नाही, परवा नाही, "नुसती फॉर्मॅलिटी आहे" असं म्हणाले तरी नाही. बाकीचं उत्तर सावकाश वाचा.

तुम्ही लिहिलंय की पुण्यातल्या एका खासगी कंपनीत दीड वर्षापासून अकाउंट्समध्ये आहात, पगार ३२,००० रुपये, नोकरी करारावरची आणि करार ३० सप्टेंबरला संपतो. डॉक्टरांनी १० ऑगस्ट ही तारीख दिलीय. एचआर म्हणतात, कंत्राटी लोकांना प्रसूती रजा नसते, तुम्ही राजीनामा द्या, बाळ वर्षाचं झालं की परत घेऊ. शिवाय सासऱ्यांचं ऑपरेशन आहे, तर चाकणला १९,५०० रुपये पगारावर असलेल्या तुमच्या मिस्टरांना रजा मिळेल का, असंही विचारलंय.

मी वकील नाही. भोसरी एमआयडीसीत पगार आणि हजेरीचं काम करण्यात माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे हे कागद माझ्या हाताखालून गेलेत. आणि त्याआधी याच प्रसंगात मी स्वतः चुकले होते.

२०११ साली मी एका छोट्या फर्ममध्ये होते. पगार ९,००० रुपये. सहावा महिना लागला तेव्हा साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला. "आपण घरच्यासारखे आहोत, तब्येत सांभाळा, नंतर जागा तुमचीच आहे." समोर कागद आधीच टाइप करून ठेवला होता. "वैयक्तिक कारणास्तव मी स्वखुशीने राजीनामा देत आहे." फक्त तारखेची आणि सहीची जागा मोकळी होती. मी सही केली. घरी सगळ्यांना बरंच वाटलं, बाळंतपणात धावपळ नको म्हणून. तेव्हाच्या कायद्याने मला १२ आठवड्यांचा पगार मिळायला हवा होता, जवळपास पंचवीस हजार. तो गेला. सिझेरियन झालं आणि बिल भरायला माझ्या वडिलांनी एफडी मोडली. आठ महिन्यांनी फोन केला तेव्हा जागा भरली होती. त्या कागदावरचा "स्वखुशीने" हा शब्द मी आजही विसरलेले नाही, कारण माझ्याविरुद्ध तेवढा एक शब्द पुरेसा होता.

गर्भवती बाईला काढून टाकणं कंपनीला सोपं नाही. प्रसूती रजेवर असताना तिला कामावरून कमी करणं बेकायदा आहे. गरोदरपणात काढलं तरी रजेच्या पैशांवरचा तिचा हक्क जात नाही, अपवाद फक्त गंभीर गैरवर्तनाचा. पण तुम्ही स्वतःहून राजीनामा दिलात की तुम्हाला कोणी काढलेलंच नसतं! म्हणून तो कागद इतक्या गोड शब्दांत मागितला जातो.

आता हक्काचं बोलू. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन बाळंतपणांसाठी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि याच तरतुदी तिच्यात आल्या. त्यामुळे "तो कायदा आता रद्द झाला" असं एचआरने सांगितलं तर तेवढ्यावर गप्प बसू नका, हक्क तोच आहे. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या दुकान-कार्यालयांना तो लागू होतो. अट एकच: प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेलं असावं. तुमचं दीड वर्ष झालंय. कायम की करारावर, असा भेद त्या अटीत कुठेही नाही. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महापालिकेत रोजंदारीवर काम करणाऱ्या बायकांनाही हा लाभ द्यायला लावला, मग तुमच्या हातात तर नेमणुकीचं पत्र आहे.

करार मध्येच संपतोय ही तुमची खरी धास्ती असेल, तर डॉ. कविता यादव यांचा निकाल लक्षात ठेवा. दिल्लीच्या एका सरकारी रुग्णालयात त्या करारावर होत्या. त्यांनी १ जून २०१७ पासून रजा मागितली आणि करार ११ जूनला संपत होता, म्हणून त्यांना अकरा दिवसांचेच पैसे देऊ केले. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की एकदा पात्रता पूर्ण झाली की लाभ करार संपल्यानंतरही चालू राहतो, आणि पूर्ण २६ आठवड्यांचे पैसे द्यायला लावले. तुमचं प्रकरण जवळजवळ तसंच आहे. एचआरला पाठवायच्या पत्रात या निकालाचा उल्लेख जरूर करा. करार पुढे वाढवायला कंपनीला भाग पाडता येईल असं मात्र समजू नका. तो वेगळा विषय आहे आणि तिथे तुमची बाजू इतकी पक्की नाही. पैशांची बाजू पक्की आहे.

तुमच्या तारखा मी मांडून पाहिल्या. २६ पैकी जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीच्या आधी घेता येतात. १० ऑगस्टच्या ८ आठवडे आधी म्हणजे १५ जून. त्या दिवशी रजा सुरू केलीत तर १३ डिसेंबरपर्यंत पुरते. रविवार, सुट्ट्या सगळे धरून १८२ दिवस. माझं मत विचाराल तर तब्येत साथ देत असेल तोवर कामावर जा आणि जास्त दिवस बाळाच्या वाट्याला ठेवा, पण हे तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. पैसे साधारण सहा महिन्यांच्या पगाराइतके, म्हणजे तुमच्या बाबतीत १,९२,००० रुपयांच्या आसपास. प्रसूतीआधीच्या दिवसांचे पैसे डॉक्टरांचा दाखला दिल्यावर आगाऊ द्यायचे असतात आणि उरलेले बाळाच्या जन्माचा पुरावा दिल्यापासून ४८ तासांत. प्रत्यक्षात बहुतेक कंपन्या महिन्याच्या महिन्याला पगार चालू ठेवतात. तेही चालेल, फक्त तसं लेखी घ्या. कंपनीने बाळंतपणाआधीची आणि नंतरची तपासणी-उपचार फुकट पुरवले नाहीत, तर ३,५०० रुपयांचा वैद्यकीय बोनस वेगळा मिळतो. रक्कम लहान आहे, पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

पत्र तोंडी किंवा व्हॉट्सॲपवर नको. साध्या मराठीत चार ओळी पुरतात: मी गर्भवती आहे, अपेक्षित तारीख १० ऑगस्ट, अमुक तारखेपासून प्रसूती रजेवर जात आहे, या काळात दुसरीकडे काम करणार नाही, पैसे माझ्या खात्यात किंवा मी नेमलेल्या या व्यक्तीला द्यावेत. सोबत दाखला जोडा. ईमेल करा, छापील प्रत ऑफिसात देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच द्यायला टाळाटाळ केली तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. ईमेल कंपनीच्या आयडीवरून करणार असाल तर स्वतःच्या आयडीला सीसी ठेवा, कारण ऑफिसचं खातं बंद झालं की सगळा पुरावा आत अडकतो. एचआर तोंडी जे म्हणाले तेही त्याच ईमेलमध्ये लिहा: "अमुक तारखेला आपण मला राजीनामा देण्यास सांगितले, मी राजीनामा देणार नाही." नुसत्या या वाक्यावर सूर बदललेला मी पाहिला आहे.

एवढं करूनही नाही म्हणाले तर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात लेखी तक्रार करा. आणि वकिलाच्या खर्चाला घाबरू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. शिवाजीनगरच्या न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तिथे अर्ज करा.

"असे कायदे केले म्हणूनच बायकांना कोणी नोकरी देत नाही" हे वाक्यही तुम्हाला ऐकवलं जाईल. ते आजचं नाही. १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात गिरणीतल्या बायकांसाठी प्रसूती लाभाचं विधेयक आलं, तेव्हाही विरोधकांचा असाच सूर होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर विधेयकाच्या बाजूने उभे राहिले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे आणि खर्चाचा मोठा भार सरकारने उचलायला हवा, अशी त्यांची मांडणी होती. १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा कायदा झाला, देशातला पहिला. एचआरपुढे बसाल तेव्हा आपण कंपनीकडे उपकार मागतोय असं मनात आणू नका.

आणखी एक, देव करो आणि तुम्हाला त्याची गरज न पडो, पण वाचणाऱ्या इतर बायकांसाठी लिहिते. आमच्याकडे असेंब्ली लाइनवरची एक मुलगी गर्भपात झाल्यावर चौथ्या दिवशी कामावर हजर झाली. चेहरा पांढराफटक, एक हात मशीनला टेकलेला. दिवस भरले नाहीत तर खाडा लागेल म्हणून आली होती. डिस्चार्जचा कागद दुधाच्या पिशवीत घडी करून पर्समध्ये ठेवला होता, कोणाला दाखवायचा हेच तिला माहीत नव्हतं. गर्भपात झाला तरी ६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते, आणि त्या ६ आठवड्यांत तिला कामाला लावायला मालकाला मनाईच आहे. ती ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेत होती, मी तिचे कागद भरले, पैसे खात्यात आले. पण तो दिवस तिने उभं राहून काढला होता. बाळंतपणातून किंवा गर्भपातातून आजारपण आलं तर डॉक्टरांच्या दाखल्यावर आणखी एक महिना पगारी रजा मिळते, हेही फार थोड्या जणींना माहीत असतं.

आता मिस्टरांचं. इथे मन मोठं करून ऐकावं लागेल. आई-वडिलांच्या आजारपणासाठी पगारी रजा देणारा कायदा खासगी नोकरीत नाही. बाप झाल्यावरची रजाही खासगी क्षेत्रात कायद्याने बंधनकारक नाही. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना १५ दिवस मिळतात, खासगीत कंपनीच्या धोरणावर आहे. मला हे अन्यायाचं वाटतं. सून बाळंतीण, सासरे ऑपरेशन झालेले, आणि घरातला एकमेव धडधाकट माणूस तिसऱ्या पाळीला, अशी घरं चाकण-भोसरीत खूप आहेत.

त्यांच्या हातात आहे ती हक्काची पगारी रजा, कारखान्यात वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस. किती साठली आहे ते आजच टाइम ऑफिसमध्ये विचारून घ्या आणि ऑपरेशनची तारीख ठरताच लेखी अर्ज टाका. ती थोडी तुमच्या बाळंतपणासाठीही राखून ठेवायला सांगा. पगार २१,००० च्या आत आहे म्हणजे ईएसआय कापला जात असणार, पगारपत्रकावर ०.७५ टक्के कपात दिसेल. ईएसआयचे आजारपणाचे रोख पैसे कामगार स्वतः आजारी पडला तरच मिळतात, पगाराच्या ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. वडिलांसाठी घेतलेल्या सुट्टीचे मिळत नाहीत. पण वडील त्यांच्यावर अवलंबून असतील तर वडिलांचे उपचार ईएसआयमध्ये होऊ शकतात, आणि तुमच्या घरी सध्या मोठा पैसा तिथेच वाचणार आहे. कार्डावर वडिलांचं नाव चढलंय का ते आधी पाहा, नसेल तर कंपनीतून चढवून घ्या. खासगी रुग्णालयात ॲडव्हान्स भरण्याआधी ईएसआयच्या दवाखान्यात जाऊन पुढच्या रुग्णालयासाठी चिठ्ठी मागा. आधी भरती होऊन नंतर बिलं घेऊन फिरणारी माणसं मी पाहिली आहेत, त्यात महिनेच्या महिने जातात.