रंगकामाआधी जुनं स्टिकर, बीडिंग कसं काढायचं? तुमचे प्रश्न

गाडी रंगवायच्या आधी जुनं व्हिनाइल स्टिकर, पट्ट्या, बीडिंग (दाराच्या बाजूला लावलेली प्लास्टिकची पट्टी) काढण्यावर सातारा-सांगलीकडून बरेच प्रश्न आलेत, त्यातले पाच घेतोय. रंग टिकणार का सुटणार हे याच कामावर ठरतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

प्रश्न (कराड): बोलेरोच्या साईडचं जुनं स्टिकर काढायला घेतलं तर नखाएवढे तुकडे पडतायत, पूर्ण निघेल असं काही आहे का?

बघा दादा, व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी, त्यात मऊपणासाठी जो पदार्थ घातलेला असतो तो वर्षानुवर्षं उन्हात उडून जातो आणि मग ते पापडासारखं कडक होतं, त्यामुळे थंड गाडीवर कितीही ओढलं तरी तुटणारच. आधी गाडी साबणाने धुवा. मग हीट गन १५-२० सेंटीमीटर लांब धरून सतत हलवत ठेवा, एका जागी थांबू नका, पत्रा इतपतच तापवा की हात दोन-तीन सेकंद टेकवता येईल, त्याच्या वर गेलात तर खालचा रंग फुगतो आणि बंपरचं प्लास्टिक तर वाकडंच होतं. हीट गन नसेल तर हेअर ड्रायर चालतो, आणि एप्रिल-मेमध्ये सांगली, मिरज, जतकडचं दुपारचं ऊन निम्मं काम फुकटात करतं. कोपरा सुटला की पट्टी जवळजवळ स्वतःवरच दुमडून, पत्र्यालगत, हळू ओढायची. सरळ बाहेर ओढली की तुटते. खरवडायला जुनं एटीएम कार्ड घ्या, पटाशी किंवा ब्लेड अजिबात नको, त्याचा ओरखडा पत्र्यापर्यंत गेला की तिथूनच गंज धरतो. फारच तुकडे पडत असतील तर ड्रिलला लावायचं रबर व्हील मिळतं ते वापरा, पण ग्राइंडरला लावू नका, त्याचा स्पीड फार असतो, रंग जळतो.

प्रश्न (वाई): स्टिकर निघालं पण गम तसाच राहिला. पेंटर म्हणतो थिनर मारून पुसून टाकू. चालेल का?

कंपनीचा भट्टीत भाजलेला रंग थोडा वेळ थिनर सहन करतो, पण गाडी आधी कधी बाहेर रंगवलेली असेल आणि तो एनसी (नायट्रोसेल्युलोजचा, भट्टीशिवाय हवेत वाळणारा) रंग असेल तर थिनर लागताच विरघळून निघतो. म्हणून दाराच्या आतल्या कडेला कापडाने थोडंसं लावून बघा, कापडावर रंग आला तर थिनर विसरा. रॉकेल किंवा टर्पेंटाइन सौम्य आहे, ओलं कापड काही मिनिटं गमावर ठेवून मग कार्डाने खरवडा, फक्त त्याचा तेलकटपणा मागे राहतो तो साबणाने धुवून काढावाच लागतो. आणि कळकळीने सांगतो, पेट्रोल वापरू नका, शेजारी हीट गन चालू असताना तर नाहीच नाही.

प्रश्न (तासगाव): नवीन रंग मारला तर जिथं स्टिकर होतं त्या भागात बारीक बारीक खड्डे पडले, माशाच्या डोळ्यासारखे. रंग खराब होता का?

बहुतेक वेळा रंगाचा दोष नसतो, सिलिकॉनचा असतो. डॅशबोर्ड आणि टायरच्या पॉलिशमध्ये सिलिकॉन असतं, वर्षानुवर्षं ते स्टिकरच्या कडेत साचतं, आणि पेंटरने आधी पॉलिश पेपर मारला की ते ओरखड्यात आत घासलं जातं, मग वरून किती पुसलं तरी पुरतं निघत नाही. म्हणून क्रम पक्का ठेवा : धुणं, गम काढणं, मग वॅक्स-ग्रीस रिमूव्हरने (मेण-तेल काढणाऱ्या द्रावणाने) पुसणं, आणि पेपर त्यानंतरच. पुसताना दोन कापडं हवीत, एक ओलं आणि मागोमाग एक कोरडं, कारण रिमूव्हर तिथंच वाळला तर घाण परत तिथंच बसते. आता खड्डे पडलेच आहेत तर त्यावर अजून एक जाड हात मारू नका, पूर्ण वाळू द्या, घासून काढा, परत रिमूव्हरने पुसा आणि नव्याने मारा. शिवाय स्टिकरखालचा रंग कमी उडालेला असतो, कडेला हलकी पायरी राहते, ती ४०० नंबरच्या पेपरने बोटाला लागणार नाही इतकी उतरवा, नाहीतर नवीन रंगातून जुन्या स्टिकरचा आकार उन्हात स्पष्ट दिसतो.

प्रश्न (मिरज): जुनी इंडिका आहे, साईड बीडिंग कायमचं काढून टाकायचंय. भोकं पुट्टीने बुजवली तर?

आधी बीडिंग डबल टेपवर आहे का क्लिपांवर ते बघा, दाराचं आतलं पॅड काढलं की कळतं. टेपवर असेल तर गरम करून गळाचा नायलॉनचा दोरा मागून करवतीसारखा फिरवा, अलगद सुटतं. क्लिपा असतील तर भोकं पुट्टीने बुजवू नका काका! काचेच्या रबरातून पावसाचं पाणी दाराच्या आत उतरतच असतं, पुट्टी मागून ते पाणी धरते आणि काही पावसाळ्यांत फुगून बाहेर येते. भोकाभोवतीचा गंज चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा, भोक वेल्डिंगने भरून घ्या, मग वरून पातळ पुट्टी आणि प्रायमर, आणि आतल्या बाजूलाही गंजरोधक मारायला सांगा. ते कुणी आपणहून करत नाही, मागे लागून करून घ्यावं लागतं.

प्रश्न (पाटण): स्टिकर काढून ठेवलंय, जुलैमध्ये रंग मारला तर चालेल? आणि रंगही बदलायचाय.

तुमच्याकडच्या पावसात उघड्या शेडमध्ये तरी नको. हवेत दमटपणा असला की थिनर उडताना पत्रा गार पडतो, त्यावर ओल धरते आणि रंग पांढुरका पडतो. उघडा पत्रा मात्र तसाच ठेवू नका, आत्ताच एखादा कोरडा दिवस बघून इपॉक्सी प्रायमर मारून घ्या, साधा प्रायमर पाणी शोषतो. रंग आरसीवर लिहिलेला असतो, त्यामुळे बदलायचा असेल तर गाडी गॅरेजला लावायच्या आधी आरटीओत विचारून घ्या.