वाचक विचारतात : याकोब, जेम्स की सांतियागो?

प्रश्न : पणजोबांच्या बाप्तिस्म्याची लॅटिन नोंद मिळाली. तीत ‘याकोबुम’ आहे, आजोबांच्या दाखल्यावर वडिलांचं नाव जेम्स, मराठी बायबलात याकोब. नाव एकच का? आणि सण कोणत्या दिवशी धरायचा? – एक वाचक, सदर, नागपूर

उत्तर : नाव एकच. हिब्रू याकोब लॅटिनमध्ये याकोबुस झाला, बोलीत ‘ब’चा ‘म’ होऊन याकोमुस, आणि तिथून जुन्या फ्रेंचमार्गे जेम्स. इटलीत जाकोमो, पोर्तुगीजमध्ये तियागो. सांतियागो म्हणजे ‘सांत’ आणि ‘यागो’ एकत्र. ‘संत सांतियागो’ म्हटलं की संत दोनदा आला. नोंदीत दिदाकुस असेल, तर मात्र तो दिएगो. आल्कालाचा दिएगो हा निराळा संत, सण १३ नोव्हेंबर.

‘याकोबुम’मधला ‘उम’ म्हणजे आपला ‘ला’. पाद्री लिहितात ते असं : मी याकोबला, योसेफ आणि मारियाच्या मुलाला, बाप्तिस्मा दिला. म्हणून योसेफचं ‘योसेफी’ होतं, आणि हेच ‘जोसेफी’ पुष्कळ जण आडनाव समजून वंशावळीत चढवतात. ‘योआन्नेम’ म्हणजे योहानला. तारीखही जपून वाचा : ‘७ब्रिस’ म्हणजे जुलै नव्हे, सप्टेंबर, लॅटिनमध्ये सेप्टेम म्हणजे सात, आणि जुनं रोमन वर्ष मार्चपासून सुरू होई. तसंच ‘८ब्रिस’ ऑक्टोबर.

सणाची गोष्ट जरा अडचणीची, कारण प्रेषितांत, म्हणजे येशूच्या बारा शिष्यांत, याकोब दोन. जब्दीचा मुलगा याकोब, २५ जुलै. अल्फीचा मुलगा याकोब, याचा सण फिलिप्प या प्रेषिताबरोबर येतो : पूर्वी १ मे, १९५६पासून ११ मे, आता ३ मे. थोमाचा सणही रोमन दिनदर्शिकेत १९६९च्या बदलापर्यंत २१ डिसेंबरला होता, आता ३ जुलैला. तेव्हा जुन्या नोंदीशी आजची दिनदर्शिका लावू नका, त्या सालातली लावा. जन्माच्या जवळ ज्या संताचा सण, त्याचं नाव मुलाला देत; म्हणून जन्म जुलैअखेरचा असेल तर पहिला याकोब असण्याचा संभव जास्त. छातीठोक नाही सांगता येत. घराण्यातलं नाव पुढे चालवायची रीतही होतीच.

प्रश्न : नागपूरच्या कॅथेड्रलचे संत फ्रान्सिस गोव्यातलेच ना?

उत्तर : नाही. गोव्यातले झेवियर, ते नाव स्पेनमधल्या नाव्हारच्या एका किल्ल्याचं, स्पॅनिशमध्ये हाव्हिएर. सण ३ डिसेंबर. नागपूरचे ते फ्रान्सिस द सालेस (१५६७–१६२२), जिनिव्हाचे बिशप. त्यांचं नाव घेतलेल्या, फ्रान्समधल्या आन्सी शहरातल्या संघाचे धर्मगुरू इथे काम करत आले. सण २४ जानेवारी, पूर्वी २९. पुतळा ओळखायचा तर हात पाहा : झेवियरकडे क्रूस, सालेसकडे लेखणी किंवा पुस्तक. जिनिव्हाजवळच्या शाब्ले भागात प्रवचनाला माणसं येईनात, तेव्हा सालेसनी पत्रकं लिहून वाटली. १९२३मध्ये पोपनी त्यांना लेखक-पत्रकारांचे आश्रयदाते संत ठरवलं ते यामुळेच.